राउटरच्या यूएसबी पोर्टवर डिस्क, प्रिंटर, फोन सगळं चालवून बघितलं: ओपन-डब्ल्यूआरटीचा रिव्ह्यू

राउटरच्या मागे यूएसबी पोर्ट असतो हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, आणि ज्यांना असतं ते फार फार तर त्यावर फोन चार्जिंगला लावतात. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक घरांत चोवीस तास चालू राहणारा एकच कॉम्प्युटर असतो आणि तो म्हणजे राउटर. त्याला डिस्क लावली तर सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, बॅकअप एका जागी येतात, जुना वायरवाला प्रिंटर वायफायवर येतो, नेट बंद पडलं तर फोन लावून अख्ख्या घराला नेट देता येतं. हे सगळं मी ओपन-डब्ल्यूआरटी टाकून करतेय, त्यामुळे हा रिव्ह्यू त्या फर्मवेअरचा, म्हणजे राउटरच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा, पण फक्त यूएसबीच्या बाजूने. वायफायची रेंज वगैरे इथे शोधू नका. मत आधीच सांगून टाकते: एकदा बसून सेटिंग नीट लावायची तयारी असेल तर हे फर्मवेअर फार म्हणजे फार चांगलं आहे, आणि डिस्क खोचली की झालं एवढंच हवं असेल तर हे तुमच्यासाठी नाही.

सुरुवात राउटरसोबत जे फर्मवेअर आलं होतं तिथून करते, कारण ते वापरल्याशिवाय फरक कळत नाही. कंपनीचं नाव घेत नाही. माझ्या त्या राउटरमध्ये यूएसबीसाठी एक पान होतं, त्यावर शेअरिंग चालू-बंद करायचं एक बटण आणि खाली डिस्कचं नाव, बस. डिस्क दिसली तर दिसली, नाही दिसली तर का नाही दिसली हे कुठेच कळायला मार्ग नाही, लॉगमध्ये, म्हणजे राउटरच्या नोंदींमध्ये, यूएसबीबद्दल एक ओळ नाही, ईएक्सटी-फोर या लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली डिस्क तर ओळखतच नव्हता. आणि सगळ्यात वाईट म्हणजे शेअर फक्त एसएमबी-वन या फाईल शेअर करायच्या जुन्या प्रोटोकॉलवर चालायचं. आता हे एसएमबी-वन म्हणजे तेच ज्यातल्या भोकातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, हॉस्पिटलं बंद पडली, आणि त्याच वर्षाच्या शेवटी आलेल्या अपडेटपासून विंडोजने ते आपणहून काढून टाकायला सुरुवात केली. म्हणजे होतं काय, राउटरवर डिस्क आहे, राउटर म्हणतो शेअर चालू आहे, आणि कॉम्प्युटर म्हणतो असं काही सापडत नाही. मग माणूस शोधायला लागतो आणि त्याला हमखास एकच सल्ला मिळतो, विंडोज फीचर्समध्ये जा आणि एसएमबी-वन परत चालू करा. कृपा करून हे करू नका. राउटर जुना आहे म्हणून घरातल्या प्रत्येक कॉम्प्युटरचं दार उघडं टाकायचं, याला काही अर्थ नाही. बदलायचं असेल तर राउटरवरचं सॉफ्टवेअर बदला.

ओपन-डब्ल्यूआरटी काय आहे ते थोडक्यात. २००४ पासून चालू असलेला लिनक्सवरचा मोकळा प्रोजेक्ट आहे, नावातलं डब्ल्यूआरटी लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी-५४जी या राउटरवरून आलं, ज्याचा सोर्स कोड जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्समुळे कंपनीला खुला करावा लागला आणि त्यातून हे सगळं उभं राहिलं. २०१६ मध्ये यातली बरीच मंडळी बाहेर पडून लीडी नावाचा वेगळा प्रोजेक्ट चालवायला लागली, २०१८ मध्ये दोन्ही परत एक झाले. आज शेकडो मॉडेलवर चालतं. फक्त टाकायच्या आधी त्यांच्या हार्डवेअर टेबलमध्ये आपलं मॉडेल आणि राउटरच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला व्हर्जन नंबर दोन्ही जुळवून बघा, कारण एकाच नावाच्या राउटरच्या व्ही-वन आणि व्ही-टू मध्ये आत चिप पूर्ण वेगळी असू शकते आणि चुकीची फाईल टाकली तर राउटर उठतच नाही. रॅम आणि फ्लॅशचं, म्हणजे राउटरच्या आतल्या कायमच्या साठवणीचं, म्हणाल तर ८ एमबी फ्लॅश आणि ६४ एमबी रॅम ही चालण्यापुरती मर्यादा आहे, यूएसबीवर खरं काम करायचं असेल तर १६ आणि १२८ च्या खाली जाऊ नका, आणि २५६ रॅम असेल तर डोक्याला ताप नाही.

आता मुद्द्याचं. फर्मवेअर टाकल्यावर डिस्क लावली आणि काहीच झालं नाही, ही सगळ्यांची पहिली तक्रार असते. तो बिघाड नाही. राउटरची जागा कमी असते म्हणून बऱ्याच मॉडेलच्या मूळ इमेजमध्ये, म्हणजे फर्मवेअरच्या तयार फाईलमध्ये, डिस्कची पॅकेजेस घातलेलीच नसतात, ती आपण घालायची. आधी पोर्टचा स्वतःचा ड्रायव्हर, यूएसबी-टू किंवा थ्री, तो बहुतेक वेळा असतोच. त्यावर केमॉड-यूएसबी-स्टोरेज, म्हणजे जे लावलंय ती डिस्क आहे हे ओळखणारा, आणि नवीन एसएसडीचे डबे असतील तर यूएएस या जलद यूएसबी पद्धतीचं पॅकेजही. मग फाईलसिस्टीमचं, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायच्या पद्धतीचं, पॅकेज, ईएक्सटी-फोर, एक्सफॅट, एनटीएफएस, जे असेल ते. मग ब्लॉक-माउंट, जे डिस्कला फोल्डरवर बसवतं. आणि सगळ्यात वर शेअर करणारं, साम्बा किंवा केएसएमबीडी. यातला एक जरी मधला गाळला तरी वरचं काही चालत नाही, पण कुठला गाळलाय ते समजतं, आणि मला हे फर्मवेअर आवडायचं मोठं कारण हेच. पॅकेज टाकायला आधी ओपीकेजी होतं, नव्या आवृत्त्यांत त्याच्या जागी एपीके आलंय, त्यामुळे जुने लेख वाचून कमांड कॉपी करत असाल तर तेवढं लक्षात ठेवा. कमांड नको असेल तर लूसी नावाचं वेब पान आहे, त्यातूनही सगळं टाकता येतं.

समजतं म्हणजे कसं समजतं ते सांगते. डिस्क खोचायची आणि लगेच कर्नल लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची नोंदवही, उघडायचा. पहिली ओळ येते ती डिस्क कुठल्या स्पीडवर जोडली गेली त्याची. त्यात हाय-स्पीड लिहिलं असेल तर ती यूएसबी-टू वर आहे, सुपरस्पीड असेल तर यूएसबी-थ्री वर. हा एक शब्द बघितला की अर्धे वाद मिटतात, कारण डिस्क निळ्या पोर्टात आहे, डबा थ्रीचा आहे, पण केबल जुनी असली तर सगळं गुपचूप टू वर चालतं आणि माणूस राउटरला शिव्या घालत बसतो. त्याखाली कंपनीचं नाव, मग किती ब्लॉकची डिस्क आहे, आणि शेवटी एसडीए असं नाव देऊन अटॅच्ड म्हणून ओळ. इथपर्यंत आलं की हार्डवेअर ठीक आहे, आता जे अडेल ते फाईलसिस्टीमचं. आणि पहिली ओळच आली नाही तर सेटिंगमध्ये डोकं घालायच्या आधी पोर्टचा ड्रायव्हर, केबल आणि करंट बघा.

करंट यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण डिस्क खराब झाल्याच्या ज्या तक्रारी असतात त्यात डिस्कला पुरेसा करंटच मिळत नसतो असं फार वेळा निघतं. यूएसबी-टू पोर्टने ५०० मिलीअँपिअर द्यायचे आणि थ्रीने ९०० असं स्टँडर्ड सांगतं. फिरणारी अडीच इंची डिस्क चालू होताना, म्हणजे आतली तबकडी फिरायला सुरुवात होते त्या क्षणाला, एक अँपिअरच्या आसपास किंवा त्याच्याही वर खेचू शकते. मग ती टकटक करते, थांबते, परत सुरू व्हायला बघते. शिवाय राउटरचा ॲडॅप्टर कंपनीने राउटरपुरताच दिलेला असतो, समजा १२ व्होल्ट १ अँपिअरचा, म्हणजे सगळे मिळून १२ वॉट, त्यातले पाच वॉट डिस्कने घेतले आणि त्याच वेळी वायफाय जोरात चालू असेल तर राउटरच रीस्टार्ट होतो आणि घरात सगळे ओरडतात. लॉगमध्ये रिसेट हाय-स्पीड यूएसबी डिव्हाइस अशी ओळ पुन्हा पुन्हा दिसत असेल तर पहिला संशय करंटवर घ्या. उपाय सोपा आहे, स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये टाका, किंवा साडेतीन इंची डिस्क घ्या जिला वेगळी पॉवर असतेच. एसएसडीला कमी लागतं पण मोठं रायटिंग चालू असताना तीही चांगलीच खेचते. हबवर खर्च करायला लोक का कू करतात, माझं म्हणणं आहे की या सगळ्या मांडणीत सगळ्यात आधी घ्यायची वस्तू तीच.

दुसरी गोष्ट जी कोणी सांगत नाही ती म्हणजे यूएसबी-थ्री आणि वायफायची भांडणं. थ्रीच्या ५ गिगाबिट सिग्नलमधून जो रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर एक पेपरच काढला होता. डिस्क चालू केली की लांबच्या खोलीतलं वायफाय रडायला लागतं, वायरलेस माऊस अडखळतो, आणि कोणाच्या मनातही येत नाही की कारण राउटरला लावलेली डिस्क आहे. चांगली शील्ड असलेली केबल घ्या, डिस्क अँटेनापासून लांब ठेवा, राउटरच्या डोक्यावर तर अजिबात ठेवू नका. त्यानेही भागलं नाही तर माझा सरळ सल्ला आहे, डिस्क यूएसबी-टू वर चालवा. टू चा कागदावरचा स्पीड ४८० मेगाबिट, प्रत्यक्षात सेकंदाला ३० ते ४० मेगाबाइट मिळतात, आणि वायफायवरून फोनमधले फोटो उतरवायला किंवा टीव्हीवर पिक्चर बघायला एवढं भरपूर होतं. थ्री हवंच असेल तर ते वायरने जोडलेल्या कॉम्प्युटरवरून मोठ्या फाईली हलवणाऱ्यांसाठी, आणि तिथेही राउटरचा प्रोसेसर आधी दमतो.

फाईलसिस्टीमबद्दल मी हट्टी आहे, राउटरला कायम लावायची डिस्क असेल तर ईएक्सटी-फोर. लोकांना एनटीएफएस हवं असतं कारण डिस्क काढून कधीतरी विंडोजला लावता येईल. मान्य, पण ते कधीतरी वर्षातून एकदा येतं आणि त्रास रोजचा. एनटीएफएस-थ्रीजी नावाचा जो जुना ड्रायव्हर आहे तो कर्नलच्या बाहेर चालतो, प्रत्येक वाचन-लेखनाला मधे एक फेरा जास्त, राउटरच्या बारक्या प्रोसेसरवर ते फार जाणवतं. २०२१ मध्ये कर्नल ५.१५ पासून एनटीएफएस-थ्री हा आतला ड्रायव्हर आला, तो बराच हलका आहे, घ्यायचंच असेल तर तो घ्या. एक्सफॅटचा स्पेसिफिकेशन मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये खुला केला आणि आता तो लिनक्समध्ये नीट चालतो, पण त्यात जर्नल नाही, म्हणजे लिहिता लिहिता लाईट गेली तर काय अर्धवट राहिलं याची नोंद कुठेच नसते. राउटरला यूपीएस किती घरांत असतं? फॅट-३२ चा तर विषयच सोडा, ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल त्यात बसत नाही, बॅकअप तिथेच अडतो. ईएक्सटी-फोरमध्ये जर्नल आहे, परवानग्या नीट चालतात, प्रोसेसरवर ओझं कमी. एक मात्र आहे, डिस्क खूप मोठी असेल आणि कधी एफएससीके करून तपासायची वेळ आली तर राउटरची रॅम पुरत नाही, तेव्हा ती काढून लिनक्सवाल्या कॉम्प्युटरवर तपासायची, तिथे ते काम लवकर आणि बिनधोक होतं.

माउंट करायला लूसीत सिस्टीममध्ये माउंट पॉइंट्स असं पान आहे. तिथे जनरेट कॉन्फिग दाबलं की लावलेल्या डिस्कची नोंद आपोआप तयार होते, पण ती चालू केलेली नसते, एनेबल्डच्या चौकटीत टिक आपणच करायची, इथे फार जण अडकतात. आणि डिस्क ओळखायला यूयूआयडी, म्हणजे फॉरमॅट करताना मिळणारा तिचा ओळख क्रमांक, वापरा, एसडीए-वन वगैरे नाव नको. दोन डिस्क असल्या तर रीस्टार्टनंतर एसडीए आणि एसडीबीची अदलाबदल होऊ शकते, मग फोटोंच्या जागी बॅकअप आणि बॅकअपच्या जागी फोटो. यूयूआयडी फाईलसिस्टीमसोबत राहतो, पोर्ट बदला, हब बदला, तो बदलत नाही. नवीन फॉरमॅट केलंत तरच बदलतो, तेव्हा नोंद परत करावी लागते.

इथे एक धोका आहे जो मला सगळ्यांच्या कानावर घालायचाय. समजा एमएनटीखाली डिस्क नावाचा फोल्डर आहे आणि त्यावर डिस्क माउंट होते. एखाद्या दिवशी डिस्क उठलीच नाही, करंट कमी पडला, केबल सैल, काहीही. फोल्डर तर तिथेच आहे ना, फक्त रिकामा. आता टॉरेंट असो, बॅकअप असो, त्याला काय माहीत, तो त्याच फोल्डरमध्ये लिहायला लागतो, आणि ते सगळं जातं राउटरच्या आतल्या इवल्याशा फ्लॅशवर. ती बघता बघता भरते, मग सेटिंग सेव्ह होत नाही, सर्व्हिस चालू होत नाहीत, आणि डिस्कचा प्रॉब्लेम राउटरचा प्रॉब्लेम होऊन बसतो. यावर उपाय म्हणजे शेअर किंवा डाउनलोडचा फोल्डर डिस्कच्या आतला एखादा ठेवायचा, जो डिस्क माउंट झाली तरच अस्तित्वात असतो, आणि जी सर्व्हिस स्वतःहून फोल्डर बनवते तिच्या सुरू होण्याआधी डिस्क खरंच बसलीये का हे तपासणारी छोटी स्क्रिप्ट घालायची. हॉटप्लगमध्ये, म्हणजे उपकरण लावलं-काढलं की आपोआप चालणाऱ्या भागात, अशी स्क्रिप्ट टाकायची सोय आहेच, डिस्क आली की सर्व्हिस चालू, गेली की बंद. हे एकदा करून ठेवलं की निश्चिंत.

शेअरिंगसाठी दोन पर्याय आहेत. साम्बा-फोर पूर्ण आहे, मॅकचं टाइम मशीन, म्हणजे त्याची बॅकअपची सोय, हवं असेल तर तेच घ्या, पण आकाराने मोठं आणि रॅम खाणारं. केएसएमबीडी कर्नलमध्ये चालतं, हलकं, छोट्या राउटरवर स्पीडही बरा मिळतो. पण कर्नलमध्ये चालतं याचा अर्थ त्यातलं भोक म्हणजे थेट कर्नलमधलं भोक, २०२२ च्या डिसेंबरात त्यातला एक फार गंभीर दोष जाहीर झाला होता, दुरुस्ती त्याआधीच आलेली होती, पण ज्यांनी अपडेट केलं नाही त्यांना त्या दुरुस्तीचा काय उपयोग. घरातल्या घरात मी केएसएमबीडी वापरते आणि अपडेट सोडत नाही. दोन्हीही नव्या एसएमबीवर चालतात, विंडोजमध्ये काही जुनंपानं चालू करावं लागत नाही. पासवर्डवाला वेगळा युजर करा, गेस्टला लिहायची परवानगी देऊ नका, घरचंच नेटवर्क आहे म्हणून ढिलाई नको, घरात आलेल्या प्रत्येक पाहुण्याच्या फोनला आपण वायफाय देतोच की. गेस्ट वायफाय फायरवॉलच्या वेगळ्या झोनमध्ये, म्हणजे वेगळ्या गटात, ठेवलं की हा प्रश्नच मिटतो.

आणि बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून डिस्क उघडायची इच्छा प्रत्येकाला कधी ना कधी होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये काय झालं होतं ते आठवा, आसुसच्या राउटरमधल्या त्रुटी वापरून १२,९०० पेक्षा जास्त लोकांच्या राउटरला लावलेल्या डिस्कपर्यंत हल्लेखोर पोचले, आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यावर कंपनीशी समझोता करताना २० वर्षं सुरक्षेचं ऑडिट करून घ्यायची अट घातली. त्याच्या मधे २०१५ मध्ये नेटयूएसबीचं प्रकरण, केकोड्स या कंपनीचा हा सॉफ्टवेअरचा तुकडा बऱ्याच ब्रँडच्या राउटरमध्ये बसवलेला होता, यूएसबीचं उपकरण नेटवर्कवरून वापरता यावं म्हणून, आणि जोडणाऱ्या कॉम्प्युटरचं नाव ६४ अक्षरांपेक्षा लांब असलं की त्याची मेमरी ओसंडायची, कर्नलमध्ये. एवढंसं कारण. म्हणून पोर्ट फॉरवर्ड करून, म्हणजे इंटरनेटवरून आत यायची वाट काढून, एसएमबी किंवा एफटीपी बाहेर उघडायचा विचारही करू नका. ओपन-डब्ल्यूआरटीची फायरवॉल मुळातच बाहेरून येणारं सगळं अडवते, ती तशीच राहू द्या आणि बाहेरून लागणारच असेल तर वायरगार्ड हा व्हीपीएन टाका, फोनवर त्याचं ॲप आहे, जोडलं की आपण घरच्या नेटवर्कमध्ये आलो आणि डिस्क नेहमीसारखी दिसते.

डिस्कव्यतिरिक्त बाकीचं भराभर सांगते. टीव्हीसाठी मिनी-डीएलएनए हे व्हिडिओ पुरवणारं पॅकेज चांगलं चालतं पण ते फाईल आहे तशी पाठवतं, टीव्हीला तो फॉरमॅट चालत नसेल तर राउटर काही बदलून देत नाही, तेवढी ताकद त्याच्यात नाही. खूप फोल्डर असतील तर नवीन फाईली यादीत येत नाहीत, तेव्हा आयनोटिफायची, म्हणजे फोल्डरवर नजर ठेवणाऱ्या सोयीची, मर्यादा वाढवायची, नाहीतर अधूनमधून पुन्हा स्कॅन करायला लावायचं. प्रिंटरसाठी पी-९१०-एनडी नावाचं अगदी चिमुकलं पॅकेज आहे, ते प्रिंटर ९१०० पोर्टवर उपलब्ध करून देतं, कॉम्प्युटरवर राउटरचा आयपी टाकून नेहमीचा ड्रायव्हर निवडायचा की झालं. घरातला वर्षानुवर्षं एकाच कॉम्प्युटरला बांधलेला लेझर प्रिंटर असा मोकळा होतो याचं मला अजूनही अप्रूप आहे. फक्त यातून स्कॅनिंग होत नाही, शाई किती उरली ते कळत नाही, आणि काही स्वस्त लेझर प्रिंटर असे असतात की प्रत्येक वेळी चालू केल्यावर त्यांना कॉम्प्युटरकडून फर्मवेअर भरवावं लागतं, ते आधी तपासा.

फोन लावून नेट घ्यायची सोय मात्र या सगळ्यात मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटली. अँड्रॉइडसाठी आरएनडीआयएसचं पॅकेज, आयफोन असेल तर आयपीहेथ आणि यूएसबीमक्सडी. केबल लावायची, फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करायचं, राउटरला नवीन इंटरफेस दिसतो, तो वॅनच्या, म्हणजे बाहेरच्या नेटच्या, झोनमध्ये टाकला की घरातल्या कोणाला काही बदलावं न लागता नेट चालू. हॉटस्पॉटपेक्षा हे कितीतरी बरं, कारण वायफायचं नाव-पासवर्ड तेच राहतं, प्रिंटर, टीव्ही, कॅमेरे सगळे जागच्या जागी. अँड्रॉइडमध्ये डेव्हलपर ऑप्शनमध्ये यूएसबीचं डिफॉल्ट टेदरिंगवर ठेवता येतं, मग प्रत्येक वेळी बटण दाबायची कटकटही जाते. जोडीला एमवॅन-थ्री टाकलं तर मुख्य नेट गेल्यावर राउटर आपोआप फोनवर सरकतो. जुने डोंगल असतील तर यूएसबी-मोडस्विच लागतं, कारण ते आधी स्वतःला सीडी ड्राइव्ह म्हणून दाखवतात, विंडोजचा ड्रायव्हर त्यात असायचा म्हणून, आणि त्यांना सांगावं लागतं की बाबा आता मोडेम हो.

एक्सट्रूटबद्दल लोक खूप विचारतात. राउटरची आतली जागा कमी पडते म्हणून सेटिंग आणि पॅकेजेसचा भाग यूएसबीवर हलवायचा, अशी ती युक्ती. १६ एमबी फ्लॅशच्या राउटरवर अचानक जीबीमध्ये जागा होते, छान वाटतं. पण घरातला मुख्य राउटर असेल तर मी पेन ड्राइव्हवर हे करू नका म्हणेन. पेन ड्राइव्ह सततच्या लिहिण्यासाठी बनवलेला नसतो, छोटे तर चांगलेच तापतात, आणि तो मेला की राउटर आतल्या जुन्या सेटिंगवर उठतो, म्हणजे वायफायचं नाव-पासवर्ड, सगळं एक्सट्रूट करायच्या आधीचं. फर्मवेअर अपग्रेड केल्यावरही एक्सट्रूट आपोआप परत लागत नाही, आत पुन्हा ब्लॉक-माउंट आणि ड्रायव्हर टाकावे लागतात आणि एक्सट्रूट-यूयूआयडी नावाची जुनी खूण पुसावी लागते. प्रयोगासाठीच्या राउटरवर बिनधास्त करा.

डिस्क काढताना त्याच माउंट पॉइंट्सच्या पानावर अनमाउंटचं बटण आहे, ते दाबल्याशिवाय खेचू नका, जर्नल आहे म्हणून हलगर्जीपणा करायचं कारण नाही. डिस्क झोपवायला एचडी-आयडल आहे, काही मिनिटं काम नसलं की फिरणं थांबवतं, पण वेळ फार कमी ठेवू नका, सारखं झोपून-उठून डिस्क जास्त झिजते. आणि राउटरला लावलेली ही एक डिस्क म्हणजे बॅकअप झाला असं कृपया समजू नका. ती दुसरी प्रत असेल तर ठीक, फोनमधून फोटो उडवून फक्त तिथेच ठेवत असाल तर डिस्क एकदा गेली की ते फोटो परत मिळायचे नाहीत.

ओपन-डब्ल्यूआरटी बनवणाऱ्यांकडून एवढंच मागणं आहे: लूसीच्या पहिल्या पानावर डिस्कची अवस्था दिसू दे, ठरवलेली डिस्क माउंट झाली नाही तर तिथे ठळक लाल पट्टी येऊ दे. आत्ता ते बघायला माउंट पॉइंट्सच्या पानावर नाहीतर लॉगमध्ये जावं लागतं, आणि ज्या घरात हे सगळं एकाच माणसाला कळतं तिथे बाकीच्यांना डिस्क बंद आहे हे फोटो सापडेनासे झाल्यावरच कळतं.